वाट अरुंद, गट मोठा



आषाढ हा आपल्याकडे चालण्याचा महिना. एकीकडे ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पंढरीला पोचतात. दुसरीकडे, एकादशी उरकली की चारच दिवसांनी येणाऱ्या पौर्णिमेच्या सुमाराला, पाठीवर पिशव्या अडकवलेली तरुण पोरेपोरी पन्हाळ्यावरून विशाळगडाच्या दिशेने चालू लागतात. त्या भागातला शेतकरी त्या वेळी गुडघाभर चिखलात उभा असतो. चिखलणी चाललेली असते, तरव्यातले रोप उपटून मुठी बांधायच्या असतात, बायामाणसे डोक्यावर खोळ घेऊन सकाळपासून वाकलेली असतात. जरा कंबर सरळ करून वर पाहावे, तर बांधावरून निळ्या-पिवळ्या रेनकोटांची रांग चाललेली. रांगेचे तोंड दिसते, शेपूट दिसत नाही.

आज या रांगेविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. तुम्ही म्हणाल, शहरातल्या पोरांच्या हौसेशी आम्हां शेतकऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. एक तर डोंगरातल्या या लांबच्या वाटा कुणाच्या तरी बांधावरून, कुणाच्या तरी पाणवठ्याशेजारून जातात. दुसरे म्हणजे, आता ही पोरे फक्त मुंबई-पुण्याची राहिलेली नाहीत. गावच्या हायस्कुलातून, तालुक्याच्या कॉलेजातून, तरुण मंडळांतून आपलीच मुले अशा मोहिमांना जातात. म्हणजे वाटेवरचे घरही आपले आणि वाटेने चालणारे पोरही आपलेच.

ही वाट का चालतात ते सर्वांना ठाऊक आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ते सन १६६० च्या आषाढ पौर्णिमेच्या रात्री, १२ ते १३ जुलैच्या दरम्यान. मसाईच्या पठारावरून, भर पावसात, चिखल तुडवीत मंडळी विशाळगडाकडे गेली. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळे घोडखिंडीत पाय रोवून उभे राहिले, आणि ती खिंड पावनखिंड झाली. आज पन्हाळा ते पावनखिंड ही आडवाट पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. बहुतेक गट मध्ये एक मुक्काम करून दोन दिवसांत ती चालतात. मसाई पठार ओलांडले की खोतवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात, मग रान, ओढे, भाताची खाचरे, आणि शेवटी पांढरपाण्याहून खिंड. चालताना पोरांच्या अंगावर काटा येतो. पुस्तकातला इतिहास पायाच्या तळव्यांना कळतो. म्हणून कुणी म्हणेल की पोरांनी हे करूच नये, तर ते मला मान्य नाही. पोरांनी जरूर जावे.

पण जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती वाट त्यांची एकट्यांची नसते.

त्या वाटेवर आणखी कोण कोण असते पाहा. दोघे-तिघे मित्र आपल्या चालीने चाललेले असतात. निवृत्त झालेला एखादा गृहस्थ काठी टेकीत एकटाच निघालेला असतो. नवराबायको आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेली असतात. डोक्यावर मोळी घेतलेली बाई असते, म्हशी हाकणारा धनगर असतो, शाळेला निघालेली वाडीवरची लेकरे असतात. या सगळ्यांना तीच हातभर रुंदीची पायवाट वापरायची आहे. आणि तीवर चाळीस-पन्नास जणांचा गट आला, की बाकीच्यांना ती वाट उरतच नाही.

जरा हिशेब करू. चाळीस मुले एकामागे एक चालली आणि दोघांमध्ये दोन मीटर अंतर राहिले, तरी रांग ऐंशी मीटरची होते. एखादा ओढा किंवा निसरडा कातळ आला आणि तिथे प्रत्येकाला अर्धा मिनिट लागला, तर सगळा गट पार व्हायला वीस मिनिटे जातात. मागून आलेला एकटा माणूस पावसात वीस मिनिटे उभा राहतो. पुढे गेल्यावर त्याला रांगेला ओलांडता येत नाही, कारण वाट अरुंद. मग सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाच्या चालीनेच त्यालाही चालावे लागते. उलट, गटाने ओढ्यापाशी त्या एकट्याला आधी जाऊ दिले, तर गटाचा खोळंबा किती? अर्धा मिनिट. एकट्याने थांबायचे तर वीस मिनिटे, गटाने थांबायचे तर अर्धा मिनिट. वाट कुणी द्यायची, हे या हिशेबातच आले.

आपल्याकडे बैलगाडीच्या चाकोरीत समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर रिकामी गाडी बाजूला होते आणि भरल्या गाडीला वाट देते. ज्याला बाजूला होणे सोपे त्याने व्हावे, एवढाच त्यातला न्याय. कुणी म्हणेल, मोठा गट म्हणजेच भरली गाडी, त्याला हलवणे अवघड. तसे नाही. भरल्या गाडीचे ओझे एकाच आसावर असते. गटात प्रत्येकाला आपापले दोन पाय आहेत. म्होरक्याने हात वर केला आणि पोरे रुंद जागा बघून एका अंगाला उभी राहिली, की झाले. एकट्याने आपणहून "जाऊ द्या पोरांना पुढे" म्हटले, तर तो त्याचा मोठेपणा. तो गटाने गृहीत धरायचा नाही.

याच्या जोडीला डोंगरवाटेचे जुने दंडक आहेत. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी, कारण चढणाऱ्याचा दम मोडला की पुन्हा लय धरायला वेळ लागतो. डोक्यावर भारा असलेल्या माणसाला सर्वांत आधी वाट. जनावरे आली तर डोंगराच्या अंगाला सरकून गप्प उभे राहावे, दरीच्या अंगाला उभे राहू नये. बुजलेल्या म्हशीचा धक्का बसला तर माणूस खाली जाईल. आणि रेनकोट फडफडवू नये, शिट्ट्या मारू नयेत. आपल्या मुलांना हे सांगावे लागत नाही असे आपण समजतो, पण पन्नास मित्रांत गेले की घरचे शहाणे पोरही हे विसरते.

आता शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. पायवाटेवर चिखल झाला, की पोरे बूट वाचवायला कडेने चालतात. एकट्या माणसाच्या कडेने जाण्याने फारसे बिघडत नाही. चाळीस जण कडेने गेले, की कडाच वाट होते, आणि पुढच्या गटाला ती आणखी कडेला सरकवावी लागते. मसाईच्या पठारावर जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर असतो. पावसाळ्यात त्या तेवढ्याशा मातीत रानफुले उगवतात. तिथे पसरून चालले तर ती माती पायांनी सुटते आणि पावसाने वाहून जाते. खाचराच्या बांधाचे तर विचारूच नका. बांध म्हणजे लावणीचे पाणी अडवून धरणारी भिंत. भिजलेला बांध ऐंशी पायांखाली दबला, फुटला, की वरच्या खाचरातले पाणी आणि टाकलेले खत खालच्याच्या शेतात जाते. मग मोहीम राहते बाजूला आणि दोन भाऊबंदांत भांडण लागते. म्हणून नियम साधा आहे: चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चालावे. बूट धुता येतो. बांध पुन्हा घालायला दिवस मोडतो, आणि लावणीच्या दिवसांत दिवस मोडणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको.

बांधावरून गेल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर विचारावे. "मावशी, इथून जाऊ का?" एवढे म्हणायला काही पडत नाही. "जा बाबा, पण एकेकानं, कडंकडंनं," असे उत्तर येते. मी तरी या प्रश्नाला नकार मिळालेला पाहिला नाही. राग येतो तो न विचारता घुसण्याचा.

यापेक्षाही मोठा प्रश्न मुक्कामाचा. पावसात अंधार लवकर पडतो. वाटेवरच्या वाडीत निवाऱ्याच्या जागा मोजक्या असतात: देवळाचा मंडप, शाळेचा व्हरांडा, चार घरांचे ओटे आणि पडव्या. दुपारी चारला पन्नासांचा गट आला आणि त्याने देवळापासून ओट्यापर्यंत सगळीकडे सतरंज्या टाकल्या. साडेसातला ते लेकराला घेऊन निघालेले नवराबायको भिजून, कुडकुडत पोचले. त्यांनी कुठे जायचे? पोरे वाईट नसतात. त्यांना ते दोघे दिसतही नाहीत, कारण पन्नास जण एकत्र असले की तेच त्यांचे जग होते. हाच मोठ्या गटाचा खरा दोष. त्याच्या मनात वाईट काही नसते, पण त्याला दुसरा दिसत नाही.

हा प्रश्न जगात इतरत्रही आला आहे, आणि तिथल्या लोकांनी त्यावर काय केले हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलाचियन ट्रेल नावाची डोंगरवाट आहे. जॉर्जिया राज्यातून निघून मेन राज्यापर्यंत जाणारी ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे आणि चौदा राज्यांतून जाते. बेंटन मॅके या गृहस्थाने १९२१ मध्ये ती कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये सबंध वाट जोडली गेली. आजही तिची देखभाल मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक करतात. सगळी वाट एका दमात चालायला निघालेल्याला पाच ते सात महिने लागतात. वाटेत अडीचशेहून अधिक निवारे आहेत. बहुतेकांना तीन बाजूंना भिंत, चौथी बाजू उघडी, वर छप्पर. आपल्या मळ्यातल्या वस्तीच्या छपरीसारखेच म्हणा ना. आधी येईल त्याला जागा.

सुट्टीच्या दिवसांत तिथे बालवीरांची पथके, शिबिरांतली मुले, कॉलेजांचे गट येतात. महिनोन्‌महिने एकटा चालणारा वाटसरू संध्याकाळी निवाऱ्याशी येतो तो तिथे शिबिर भरलेले. यावर तिथल्या वाट सांभाळणाऱ्या संस्थेने धोरण ठरवले. मुक्कामाला दहांपेक्षा मोठा गट नसावा आणि नुसत्या दिवसाच्या चालीला पंचवीसांपेक्षा मोठा नसावा. काही भागांत याहूनही कडक नियम आहेत. आणि दुसरी गोष्ट, गटाने आपले तंबू आपण न्यावेत, निवारा अडवू नये, तो एकट्या-दुकट्यांसाठी मोकळा ठेवावा. त्यामागचा विचार सरळ आहे. गट आधी ठरवून येतो, त्याच्यापाशी माणसे असतात, ओझे वाटून घेता येते. एकट्याला ती सोय नाही.

हे जसेच्या तसे आपल्याकडे आणता येणार नाही. शाहूवाडीच्या पावसात उघड्यावर तंबूत रात्र काढणे सोपे नाही, आणि उंच सपाट जागा दिसली तरी ती कुणाच्या तरी मालकीची असते. पण त्यातले तत्त्व घेता येते. गटाने निघण्यापूर्वी आठ दिवस वाडीत निरोप धाडावा, घरे ठरवावीत, किती माणसे जेवतील ते सांगावे, पैसे ठरवून घ्यावेत. ठरवलेल्या घरांत उतरावे आणि देवळाचा मंडप मागून येणाऱ्यासाठी मोकळा ठेवावा. पन्नास जण असतील तर दहा-दहांच्या तुकड्या कराव्यात, प्रत्येक तुकडीबरोबर वाट ठाऊक असलेला जाणता माणूस द्यावा, आणि दोन तुकड्यांत पाव तासाचे अंतर राखावे. मग मधून कुणालाही जाता येते. सगळ्यांनी एकाच वाडीत उतरण्यापेक्षा दोन वाड्यांत उतरावे. एका वाडीच्या पाण्यावर आणि चुलीवर ताण येत नाही, आणि चार पैसे दोन्हीकडे पोचतात.

पाण्यावरून आठवले. डोंगरातली वाडी वरच्या झऱ्याचे पाणी पिते. पन्नास जण सकाळी त्याच झऱ्याच्या अंगाला गेले, तर महिनाभर वाडीत जुलाब चालतील. शौचाला पाण्यापासून साठ मीटर तरी लांब, म्हणजे शंभरेक पावले मोजून, उताराच्या खालच्या अंगाला जावे. वीतभर खोल खड्डा घ्यावा आणि वरून माती लोटावी. वाडीत संडासाची सोय असेल तर तीच वापरावी. हे लिहायला संकोच वाटत नाही. मुलींच्या सोयीचा विचार तर आधी व्हायला हवा, आणि तो करताना शिक्षकांबरोबर एक बाई असायला हवी.

रात्रीच्या गोंगाटाचेही तसेच. ज्या घरात पोरे उतरतात, तिथली माणसे नऊला पाठ टेकतात, कारण पहाटे पुन्हा चिखलात उतरायचे असते. शेजारी दमलेला वाटसरू झोपलेला असतो. तिथे अकरापर्यंत कर्ण्यावर गाणी लागली, तर महाराजांच्या नावाने निघालेल्या मोहिमेची शोभा काय राहिली?

कुणी म्हणेल, एवढ्या पोरांना शिस्त लावणे कुणाला जमते? मी म्हणतो, आपल्या वारीकडे पाहा. लाखो माणसे चालतात. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात, आणि प्रत्येक वारकऱ्याला आपली दिंडी आणि तिची जागा ठाऊक असते. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला चोपदार आपला चोप वर करतो, आणि तो सगळा गजर क्षणात थांबतो. मग कुणाचे काय हरवले, काय सापडले, ते सांगितले जाते, तक्रार असेल तर ऐकली जाते. त्यासाठी पोलीस लागत नाही, दंड लागत नाही. लाखांना जे जमते ते पन्नासांना न जमायला काय झाले? म्होरक्या असा हवा की त्याने हात वर केला की पोरे गप्प. आणि रांगेच्या शेवटी दुसरा जाणता माणूस हवा, ज्याच्या मागे एकही पोर राहणार नाही.

या शेवटच्या माणसाचे महत्त्व ओढ्यावर कळते. डोंगरात पाऊस झाला की सकाळी घोट्याइतका असलेला ओढा दुपारी गुडघ्याला लागतो. वेगाचे गुडघाभर पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते. एकटा माणूस तिथे थांबतो, विचार करतो. गटात तसे होत नाही. पुढचा गेला म्हणून मागचा जातो, आणि गट गेला म्हणून मागून आलेली ती नवराबायकोही लेकराला घेऊन उतरतात. मोठा गट नकळत सगळ्या वाटेचा म्होरक्या होतो, तो असा. तो थांबला तर सगळे थांबतात. तेव्हा पाणी गढूळ झाले आणि आवाज बदलला, की थांबायचे, हे आधी ठरलेले असावे.

आता दोन शब्द वाटेवरच्या घरांना. दादा-वहिनींनो, तुमच्याकडे पिठले-भाकरी खाल्लेले पोर ती चव जन्मभर विसरत नाही, ही तुमची पुण्याई. तरी काही गोष्टी तुम्हीही करा. भाव आधी सांगा, म्हणजे नंतर कुरबूर नको. ज्या बांधावरून जाऊ द्यायचे नाही तिथे काटेरी झाप लावा, पण शेजारून जायला वाट दाखवा. नुसते अडवले तर पोरे काट्याला वळसा घालून रोपातून जातील. ओढा चढला असेल तर घरातले माणूस पाठवून सांगा. आणि गटाबरोबर एखादा एकटा-दुकटा आला, तर गटाच्या गडबडीत त्याचे ताट विसरू नका. चाळीस ताटांचे पैसे एकदम मिळतात हे खरे, पण भूक त्यालाही तेवढीच असते.

आणि एकट्या-दुकट्या वाटसरूंनाही एक विनंती. गट दिसला की कपाळाला आठी घालू नका. तुमच्यातले बरेच जण पहिल्यांदा डोंगरात आले ते अशाच एखाद्या शाळेच्या गटातून. चुकले तर मुलांवर खेकसू नका, म्होरक्याला बाजूला घेऊन सांगा. आज नीट सांगितले, तर दहा वर्षांनी यातलाच एखादा दुसऱ्या गटाचा म्होरक्या असेल.

शेवटी आईबापांसाठी. शाळेतून संमतीचा कागद घरी येतो. आपण वर्गणीचा आकडा बघतो, तारीख बघतो आणि सही करतो. यापुढे सही करण्याआधी गुरुजींना पाच गोष्टी विचारा. गट कितीचा आणि तुकड्या कितीच्या? रांगेच्या शेवटी कोण चालणार? मुक्काम कुठे, आणि त्या वाडीला निरोप गेला आहे का? पाण्याची आणि शौचाची सोय काय? ओढा चढला तर परत फिरण्याची तयारी आहे का? गुरुजी रागावणार नाहीत. चांगल्या गुरुजींपाशी ही उत्तरे तयारच असतात, आणि ज्यांच्यापाशी नसतील ते तयार करतील.

आणि निघताना पोराच्या पिशवीत चपात्या, गूळ-शेंगदाणे आणि कोरडा सदरा भरताना एक रिकामी पिशवीही ठेवा, आपला कचरा परत आणायला. उंबऱ्यापाशी एवढेच सांगा, "बाळा, तुम्ही पुष्कळ जण आहात. समोरून एकटा माणूस आला, की आधी तुम्ही थांबा."